शर्टाचं शेपूट

आमच्याकडे नेम चुकला की शर्ट कापतात. हरणांच्या मोसमात तुम्ही गोळी झाडली आणि हरीण पडलं नाही, तर खोपटावर परतल्यावर बाकीचे तुम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात, शर्ट पाठीमागून ओढून बाहेर काढतात आणि खालचा वीतभर तुकडा मेंढ्या कातरायच्या कात्रीने कापून घेतात. तुकड्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. पाळताना मात्र कुणी हयगय करत नाही.

आमच्या खोपटाच्या भिंतीवर चौदा शेपटं आहेत. त्यातली नऊ डेल्बर्टची. डेल्बर्ट लोखंडाच्या खाणीत होता, माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. त्याचा नेम इतका वाईट आहे की तो आता मोसमासाठी कापण्यालायक शर्ट वेगळे काढून ठेवतो. तौनोचं एकच शेपूट आहे, १९८३चं, आणि त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं असं तो अजून सांगतो. त्या दिवशी बर्फ पडत होता. तौनो माझा मेहुणा, सायमाचा थोरला भाऊ, वय बहात्तर. खोपट त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, त्यामुळे कात्री तौनोकडे असते.

उरलेली चार शेपटं माझी, आणि ती चारही एकाच शर्टाची आहेत.

सायमा माझी बायको. एप्रिलमध्ये गेली. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर मी ते सांगायचं टाळतोय असं वाटेल.

शर्ट आम्ही लग्नाच्या पहिल्या थंडीत घेतला होता. लाल-काळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा. पहिल्यांदा शेपूट गेलं तेव्हा मी म्हटलं, नवा घेऊ. सायमा म्हणाली, "शर्टाची काय चूक आहे? डोळे तुझे फुटलेत." आणि तिने स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचा तुकडा लावून दिला. पडद्यावर कोंबडे होते. ते कोंबडे पार्श्वभागावर घेऊन मी सात मोसम काढले. पुढे कोंबडे भिंतीवर गेले आणि त्यांच्या जागी मुलीच्या कॉर्डरॉयच्या झग्याचा तुकडा आला. तो गेल्यावर इस्त्रीच्या टेबलावरचं कापड आलं. त्यावर करपल्याचा इस्त्रीच्या आकाराचा डाग होता, आणि तो तिने मोजून मधोमध घेतला होता.

इस्त्रीचं कापड गेल्या वर्षी नोव्हेंबरात गेलं. त्याची हकीकत कॅमेऱ्याशी निगडित आहे.

सव्वीस वर्षं सायमा माझ्याबरोबर मचाणावर बसत होती. आमचं मचाण म्हणजे चार खांबांवरची प्लायवूडची पेटी, एक खिडकी, दोन खुर्च्या. ती बंदूक घ्यायची नाही. विणकाम घ्यायची आणि कुजबुजायची. तिला वाटायचं ती कुजबुजतेय. मी जेवढी हरणं मारली त्याहून जास्त तिने पळवली. गेल्या वर्षी तिला मचाणाची शिडी चढणं शक्य नव्हतं, पलंगावरून उठणंच जड झालं होतं, तेव्हा तिने डुलूथला असलेल्या आमच्या मुलीला, मार्लिसला, सांगून एक कॅमेरा मागवला. मूठभर आकाराचा, साधा, एक वाकणारा दांडा आणि शेवटी चिमटा. चिमटा खिडकीच्या चौकटीला लावायचा आणि बटण दाबायचं.

"सगळं मला दिसलं पाहिजे," ती म्हणाली.

"मी येऊन सांगेन की."

"तू येऊन खोटं सांगशील. चाळीस वर्षं ऐकतेय."

मी बारा दिवस शूटिंग केलं. घरी येऊन टीव्हीला जोडलं. बारा दिवसांत एक हरीण नव्हतं. माझे बूट होते. चालू करायचं तेव्हा मी बंद करत होतो आणि बंद करायचं तेव्हा चालू. शिकार सोडून बाकी सगळं त्यात आलं होतं: शिडी, बर्फ, माझं झाडामागे उभं राहणं, त्यात बराच वेळ गेला होता कारण माझं वय. आणि शेवटी माझं शेपूट कापताना तौनो, अगदी स्वच्छ, मधोमध, आवाजासकट. सायमा इतकी हसली की तिला ठसका लागला आणि नर्सने मला खोलीबाहेर काढलं. बाहेरही तिचं हसणं ऐकू येत होतं.

जानेवारीत तिने उशीला टेकून पाचवं शेपूट शिवलं. निळ्या फ्लॅनेलवर बारीक पांढरी फुलं. तिच्या रात्रीच्या गाऊनची बाही कापली होती.

"गाऊन का कापलास?"

"बाह्यांचं आता काय करायचंय? सुया टोचायला ते रोज वर सरकवतात. बरंय, त्यांचा वेळ वाचेल."

ते तिचं शेवटचं शिवण. टाके सरळ नाहीत. एका कोपऱ्यात दोरा तीनदा फिरवलाय, तिथे तिचा डोळा लागला असावा.

आता या वर्षीचं सांगतो.

मोसमाचा पहिला दिवस, पंधरा नोव्हेंबर, जवळ आला तसं माझ्या डोक्यात एकच होतं. हे शेपूट गेलं तर परत लावणारं कुणी नाही. शर्ट घरी ठेवावा असंही मनात आलं. पण दुसरा शर्ट घालून गेलो असतो तर तौनोने विचारलं असतं, आणि त्याला उत्तर द्यायला मी काही तयार नव्हतो. शिवाय दुसऱ्या शर्टात थंडी वाजते. शेवटी मला एक तोडगा सुचला आणि तो इतका सोपा होता की आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटलं. गोळीच झाडायची नाही. गोळी नाही तर चूक नाही, चूक नाही तर कात्री नाही. पंधरा दिवस मचाणावर बसायचं, हरणांचं शूटिंग करायचं आणि घरी यायचं. हरणांनाही हरकत नव्हती.

शूटिंग कुणासाठी, असं मुलीने फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, कॅमेरा आहे तर वापरायला नको का.

या वेळी मी तयारीने गेलो. थंडीत बॅटरी मरते, म्हणून दुसरी बॅटरी बनियनच्या आत काखेजवळ ठेवली. कॅमेरा चालू झाला की टिकटिक करायचा, हरणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो आवाज मुलीला विचारून बंद केला. पुढे तांबडा दिवा लागायचा, त्यावर काळी पट्टी चिकटवली. मागचा छोटा पडदा बॅटरी वाचावी म्हणून आपोआप अंधारा होईल असं केलं. हरणाला काही कळू नये म्हणून मी इतका बंदोबस्त केला की शूटिंग चालू आहे का बंद, हे मलाही कळायचं काही साधन उरलं नाही. त्या वेळी मात्र मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला देवदारांतून नर आला. आठ टोकांची शिंगं, जाड मान, थंडीत नाकातून वाफ. पन्नास पावलांवर येऊन उभा राहिला, जसा काही मी पत्र पाठवून बोलावला होता. असला नर मी गेल्या दहा वर्षांत पाहिला नव्हता.

मी बटण दाबलं. हातमोजा जाड होता. दांडा हळूच वळवून त्याला पडद्याच्या मध्ये आणलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. तो दोन पावलं पुढे सरकला, मी दांडा दोन बोटं सरकवला. मग तो आडवा झाला, पूर्ण कूस माझ्याकडे, आणि मी हळू आवाजात म्हटलं, "बघ, सायमा." बाजूच्या खुर्चीकडे न बघता म्हटलं, सवयीने.

ती असती तर म्हणाली असती, बघत काय बसलायस, मार.

बंदूक खांद्याला कधी लावली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की डावा हात कॅमेऱ्याच्या दांड्यावर होता, उजवा डोळा दुर्बिणीला असायला हवा होता आणि तो पडद्यावर होता, नर चौकटीतून बाहेर तर जात नाही ना हे बघायला. एकट्याने शिकार करायची आणि एकट्यानेच तिचं शूटिंग करायचं म्हणजे हे असं होतं. बार झाला. नर उडाला, शेपटीचा पांढरा झुपका वर करून देवदारांत गेला. बराच वेळ फांद्यांवरचा बर्फ खाली पडत राहिला.

मी बटण दाबून कॅमेरा बंद केला, गळ्यात अडकवला आणि खाली उतरलो.

रक्त नव्हतं. केस नव्हता. नर उभा होता तिथून चार हातांवर एका देवदाराच्या बुंध्यात नवीन भोक होतं, त्यातून चीक येत होता. मी खूप वेळ तिथे फिरत राहिलो, कारण खोपटावर काय सांगायचं हे ठरत नव्हतं. कॅमेऱ्यात सगळं आलं असणार हेही डोक्यात होतं. ते पुसायचं कसं हे मला माहीत नव्हतं. मुलीने कागदावर लिहून दिलं होतं, पण तो कागद घरी फ्रिजवर होता.

खोपटावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तौनो वाटाण्याचं सूप ढवळत होता. डेल्बर्टने दाराशी दोर काढून ठेवला होता, हरीण ओढून आणायला.

"एकच बार," डेल्बर्ट म्हणाला. "मी तौनोला म्हटलं, पडलं आर्वोचं हरीण. कुठे आहे?"

"कोल्हा होता," मी म्हणालो आणि बाकावर बसून बूट काढायला लागलो.

तौनोचा डाव थांबला. "मोसमाची पहिली सकाळ. नऊ वाजता. आणि तू कोल्ह्यावर गोळी झाडलीस."

"मोठा होता."

"केवढा?"

"कोल्ह्याएवढा."

"पडला?" डेल्बर्टने विचारलं.

"नाही."

"मग चुकलाच की नेम. शर्ट काढ बाहेर."

"कोल्ह्याला नियम लागत नाही," मी म्हणालो. "नियम हरणाचा आहे. दोन हजार सातला, डेल्बर्ट, तू सायाळीवर तीन गोळ्या घातल्यास, तेव्हा तुझं शेपूट कापलं होतं का?"

"ते बरोबर आहे," डेल्बर्ट म्हणाला. त्याला कुठल्याही बाजूने बोलायला आवडतं. "सायाळीच्या वेळी नव्हतं कापलं. तौनो, ते बरोबर आहे."

तौनो माझ्याकडे बघत होता. त्याची नजर सायमासारखी आहे, फक्त तिच्यात जी गंमत होती ती नाही.

"कॅमेऱ्यात असेल की," तो म्हणाला.

"बंद होता. कोल्ह्याचं काय शूटिंग करायचं."

मी वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होतो. डेल्बर्टने माझ्या गळ्यातून पट्टा काढून घेतला, अगदी प्रेमाने, जशी आजाऱ्याची टोपी काढतात. त्याने मागचं बटण दाबलं, पडदा उजळला.

"आर्वो, आकडे पळतायत."

"कसले आकडे?"

"तांबडे. एक तास बारा मिनिटं. तेरा झाली."

मी मनात हिशेब केला. एक तास तेरा मिनिटं. म्हणजे मी बंद केला तेव्हा तो चालू झाला होता. म्हणजे त्याआधी पडद्यावर चित्र दिसत असलं तरी शूटिंग बंद होतं. जाड हातमोज्याने बटण दोनदा दाबलं गेलं असणार. म्हणजे नर त्यात नव्हता, बार त्यात नव्हता, काहीच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एक बूट पायात ठेवूनच उभा राहिलो.

"लावा," मी म्हणालो. "खुशाल लावून बघा. एक हरीण दिसलं तर अख्खा शर्ट कापा."

डेल्बर्टने कॅमेरा टेबलावर मिठाच्या डबीला टेकवून ठेवला. तौनोने सूप तसंच विस्तवावर सोडून चष्मा लावला. पडद्यावर माझे बूट आले. एक बूट, बर्फ, दुसरा बूट, बर्फ. "गेल्या वर्षीपेक्षा चांगलं आलंय," डेल्बर्ट म्हणाला. मी हसलो. आणि मग माझा आवाज आला.

मी बोललो होतो हे माझ्या लक्षातच नव्हतं. सायमा गेल्यापासून मी घरात, गाडीत, गोठ्यात जे बोलतो त्याला मी बोलणं म्हणत नाही. पण कॅमेऱ्याला तो फरक कळत नाही.

"चुकला, सायमा," पडद्यावरचे बूट म्हणाले. "पन्नास पावलांवर. आठ टोकं. झाडात गेली गोळी. तू असतीस तर आज जेवायला माझं डोकं शिजवलं असतंस."

डेल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे.

"पण मी सांगणार नाही. कोल्हा होता म्हणणार. तौनोला खरं वाटणार नाही, त्याला आईच्या पोटातून बाहेर काढला तेव्हाही तारीख खरी वाटली नव्हती. न वाटू दे. त्याला मी हे शेपूट देणार नाही."

बर्फाचा आवाज. श्वासाचा आवाज. मी चढावर होतो वाटतं.

"तो एक थेंब रडला नाही तुझ्यासाठी. सगळं चर्च रडत होतं आणि हा खाली तळघरात, नंतरच्या जेवणातला डुकराचा हॅम खात होता. तीन ताटल्या. वर मोहरीची चटणी कुठे आहे म्हणून विचारत होता. त्याला कशाला द्यायचं? भिंतीवर ठोकेल, कॅलेंडर आणि माश्या पकडायच्या चिकटपट्टीच्या मध्ये."

"बंद कर ते," मी डेल्बर्टला म्हणालो.

"कसं करायचं?"

"बटण दाब."

डेल्बर्टने एक बटण दाबलं. आवाज वाढला. त्याने दुसरं दाबलं. चित्र आडवं झालं आणि माझे बूट भिंतीवर चालल्यासारखे दिसायला लागले.

"घरात तुझं काही राहिलं नाही," कॅमेऱ्यातला मी म्हणत होतो, आता खोपटभर. "मार्लिस डुलूथहून आली आणि तिने दोन दिवसांत कपाट रिकामं केलं. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला दिलं सगळं. तिला वाटलं माझं बरं होईल. मी म्हटलं बरं. खोकी गाडीत मीच चढवली, सायमा. आठ खोकी. मी चढवत होतो आणि मला वाटत होतं मी काहीतरी काम करतोय. हे एवढं फडकं राहिलंय, आणि ते माझ्या ढुंगणावर आहे. मी ते देणार नाही. झोपताना सुद्धा..."

डेल्बर्टने कॅमेरा उचलला आणि त्याला खुर्चीवरच्या उशीखाली घातला. उशीखालून मी बोलतच होतो, पण काय ते कळत नव्हतं. डेल्बर्ट उशीवर बसला.

सुपाला बुडाशी लागल्याचा वास यायला लागला.

"चार," तौनो म्हणाला.

"काय?"

"हॅम. चार ताटल्या खाल्ल्या. तू एकदा बाहेर गेला होतास."

"तौनो, मी ते..."

"मोहरी कुणी आणलीच नव्हती. सायमा असती तर आणली असती." त्याने सुपाचं भांडं विस्तवावरून उतरवलं. तो ते ठेवायला जागा शोधत राहिला, टेबल रिकामं होतं तरी. "मी वर चर्चमध्ये बसू शकत नव्हतो. खाली फक्त हॅम होता. आणि ती बाई, मोठ्या चमच्याची. ती वाढत गेली. नको म्हणायला तोंड उघडायला लागतं."

डेल्बर्ट उशीवर सरकला. आतून काहीतरी पुटपुटलं.

"विक्रीला मी गेलो होतो," तौनो म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं.

"शनिवारी. आठला उघडणार होते, मी साडेसातला गेलो. तिचा हिरवा कोट होता, लाकडी गुंड्यांचा. मी तो हातात घेतला. मग वाटलं, मी बाईचा कोट घेऊन काय सांगू. म्हणून ठेवला आणि एक चक्कर मारून आलो, दोन जुने टायर बघितले. परत येतो तर पोस्टातल्या त्या कारकून बाईने घेतला होता." त्याने डाव पुसून ठेवला. "आता मी पत्र टाकायला शेजारच्या गावाला जातो."

"इथून अठरा मैल?" डेल्बर्ट म्हणाला.

"रस्ता चांगला आहे."

मी बाकावर बसलो. एका पायात बूट, एक पाय नुसत्या मोज्यात. एप्रिलपासून मी या माणसावर चिडून होतो. जेवताना चिडत होतो, बर्फ काढताना चिडत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे दिवस जरा बरा जायचा. ते आता गेलं. त्याबद्दलही मला त्याचा थोडा राग आला.

डेल्बर्ट घसा खाकरून म्हणाला, "हे बघा, कॅमेऱ्यात हरीण दिसत नाही. बार दिसत नाही. नुसतं बोलणं आहे, आणि बोलायला काय, माणूस काहीही बोलतो. पुरावा नाही. माझं म्हणणं, या वर्षी सोडून देऊ. लागलंच तर माझं एक कापा. मी तीन शर्ट आणलेत."

"चुकलास?" तौनोने मला विचारलं. डेल्बर्टकडे त्याने बघितलंही नाही.

"चुकलो."

"केवढ्यावर?"

"पन्नास पावलं."

"आडवा होता?"

"आडवा."

"अरे देवा," तौनो म्हणाला. ते तो अगदी मनापासून म्हणाला.

मग त्याने कात्रीकडे पाहिलं. ती दाराजवळ लटकलेली असते. पण तो उठला नाही, आणि शर्ट काढ असंही म्हणाला नाही. तसाच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर. नियम सांगणं त्याचं काम होतं आणि तो सांगत नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती, आम्ही सूप प्यायलो असतो आणि मी शर्ट घालून घरी आलो असतो. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी उठलो, कात्री आणून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. शर्ट मीच पाठीमागून ओढून बाहेर काढला.

"आर्वो," डेल्बर्ट म्हणाला.

"उशीवर बस तू."

तौनो उठल्याचा आवाज आला. शर्टाला त्याचा हात लागला. नेहमी तो एका दणक्यात कापतो, बोकडासारखा आवाज काढतो, आणि डेल्बर्ट टाळ्या वाजवतो. या वेळी खूप वेळ काही झालंच नाही. माझ्या नाकासमोर सत्त्याऐंशी सालचे कोंबडे नव्हते, ते वर होते. समोर डेल्बर्टचं कुठलंसं एक शेपूट होतं आणि त्याला डेल्बर्टचाच वास होता.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"हलू नकोस. टाके तोडतोय."

तो कात्रीच्या टोकाने दोरा तोडत होता. एकेक टाका. मेंढ्यांच्या कात्रीने टाका तोडायचा म्हणजे कुऱ्हाडीने नखं काढण्यासारखं, पण तो करत होता. माझ्या पाठीला त्याचा श्वास लागत होता. मी त्याला चव्वेचाळीस वर्षं ओळखतो, आणि तौनो कुठलंही काम सावकाश करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"इथे काय केलंय तिने?" तो मध्येच म्हणाला. "गाठच गाठ आहे."

"तिथे तिला झोप लागली होती."

त्यानंतर बराच वेळ तो त्या कोपऱ्यापाशी होता. दोनदा त्याने चष्मा पुसला. एकदा कात्री माझ्या कमरेला लागली, मी ओरडलो नाही. डेल्बर्टला निवांत बसवत नाही, त्याने तोवर भिंतीवर जागा हेरली होती, तो हातोडी घेऊन आला होता आणि एक खिळा दातांत धरून उभा होता. उशीखाली आता सगळं शांत होतं. बॅटरी संपली असावी.

पाठीला गार लागलं तेव्हा कळलं की झालं. मी वळलो.

तौनोच्या हातात ते निळं कापड होतं, अख्खं, कडेला दोऱ्याचे तुकडे लोंबत होते. वीतभर सुद्धा नसेल. त्याने ते टेबलावर ठेवून हाताने सारखं केलं. मग घडी घातली, आणखी एक घडी घातली, आपल्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाची गुंडी लावली.

डेल्बर्टने दातांतला खिळा काढला. "भिंतीवर लावायचं असतं ते. नाव लिहायचंय अजून."

"भिंतीवर जागा नाही," तौनो म्हणाला.

तिथे एक गाय बांधता आली असती एवढी जागा होती.

डेल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तो म्हणतोय ना, जागा नाही."

"मग मी हा खिळा घेऊन काय करू?"

तौनो सूप वाढायला लागला. माझ्या ताटलीत त्याने तळाचं लागलेलं वाढलं नाही, ते स्वतःला घेतलं. मी शर्ट तसाच विजारीत खोचला. मागे काही नसल्यामुळे तो दर वाकण्याला बाहेर यायचा आणि पाठीवर फट पडायची, त्यातून दाराखालचा वारा थेट आत. पुढचे चौदा दिवस माझी कंबर धरली होती.

डेल्बर्टने शेवटी तो खिळा ठोकलाच, विस्तवाजवळ, आणि त्यावर आपले ओले मोजे लटकवले. त्या वासाने आम्हाला दार उघडं ठेवून जेवावं लागलं.